वर्षाच्या बोलीचें बिऱ्हाड

संसाराची जबाबदारी उरकली कीं काशीस जाऊन रहावें, ही आपल्याकडील जुनी कल्पना. काशीवासासाठीं घर सोडणाऱ्यास कोणाचा परवाना लागत नसे. वाटखर्च आणि घाटाजवळ एखादी खोली एवढ्यावर त्याचें भागे. आज नोकरींतून मोकळी झालेली कांहीं सुशिक्षित मंडळी काशीऐवजीं चियांग माई, पिनांग किंवा लिस्बन या शहरांची चौकशी करूं लागली आहे. मुलगा अमेरिकेंत, मुलगी सिंगापुरांत, आणि पुण्यामुंबईच्या जागेंत दोघेंच वृद्ध, अशीं घरें आतां जागोजाग दिसतात. त्यांपैकीं कित्येकांना वाटतें कीं, एकटेंच रहावयाचें तर जेथें हवा बरी, रस्ते स्वच्छ, दवाखाने चांगले आणि खर्च बेताचा, अशा ठिकाणीं कां राहूं नये? या विचारांत गैर कांहींच नाहीं. मात्र परक्या देशांत वार्धक्य काढावयाचें म्हणजे नवराबायकोच्या संसारांत त्या देशाचें सरकार हा तिसरा भागीदार येऊन बसतो. त्याची बोली कोणती, हें समजून घेतल्यावांचून घरदार हलविणें धोक्याचें असतें.

असा परवाना सर्वच देश देतात असें नाहीं. अमेरिकेच्या कायद्यांत निवृत्तांचा व्हिसा हा प्रकारच नाहीं. तेथें नागरिक झालेल्या मुलानें आईबापांसाठीं कायम वास्तव्याचा अर्ज करावयाचा, नाहींतर आईबापांनीं पाहुणे म्हणून कांहीं महिने जाऊन परत यावयाचें. ब्रिटननें स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्या निवृत्तांसाठीं ठेवलेली वाट २००८ सालीं बंद केली. ऑस्ट्रेलियानें आपली २०१८ सालीं. थायलंड, मलेशिया, फिलिपाईन्स, पोर्तुगाल, स्पेन अशा कांहीं देशांत हा किंवा याच्या जवळचा परवाना मिळतो, आणि त्यांचा हिशेब सरळ आहे. येणाऱ्यानें बाहेरचा पैसा आणून आमच्या देशांत खर्चावा, आमच्यांतील कोणाची नोकरी घेऊं नये, आणि आजारी पडल्यास आमच्या तिजोरीवर भार टाकूं नये. अर्जाबरोबर मागितले जाणारे बहुतेक कागद म्हणजे या तीन अटींचे पुरावे होत.

यांपैकीं थायलंडचें उदाहरण विस्तारानें पाहण्याजोगें आहे. मुंबईहून बँकॉक विमानानें चारसाडेचार तासांवर. हवा कोकणच्या माणसाला परकी न वाटणारी. आणि नियम बहुतांशीं आंकड्यांत मांडलेले. पण आंकड्यांकडे वळण्यापूर्वीं एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. व्हिसा आणि मुक्कामाची मुदत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची मुभा. आंत किती दिवस रहावयाचें हें दाराशीं बसलेला अधिकारी पासपोर्टावर शिक्का मारून ठरवितो. बोलण्यांत ज्याला निवृत्तांचा व्हिसा म्हणतात तो पुष्कळदां व्हिसा नसून मुक्कामाची मुदत एक वर्षानें वाढविल्याचा शिक्का असतो, आणि तो दरवर्षीं नव्यानें मिळवावा लागतो. दहा वर्षें राहिलेल्या गृहस्थाची स्थिति अकराव्या वर्षीं नवख्या अर्जदाराहून कायद्याच्या दृष्टीनें तिळमात्रहि अधिक बळकट नसते. चाळींतला जुना भाडेकरू वर्षें लोटलीं कीं जागेवर हक्क सांगूं लागतो. येथें तसें होत नाहीं. थायलंडांत कायम रहिवासाचा हक्क मिळतो, पण तो दर राष्ट्रामागें वर्षाला १०० जणांनाच, आणि त्यासाठीं नोकरी, भांडवल किंवा तेथील कुटुंब असा कांहीं आधार लागतो. निवृत्त म्हणून काढलेलीं वर्षें त्या खात्यांत जमा होत नाहींत.

अर्जाच्या वाटा दोन. दोहोंसाठीं वयाचीं ५० वर्षें पूर्ण असावीं लागतात. पहिली वाट स्वदेशांतून. थाई वकिलातीकडे एक वर्षाच्या मुक्कामाचा व्हिसा मागावयाचा. त्याला 'ओ-ए' असें नांव आहे. २०२५ च्या जानेवारीपासून हे अर्ज संगणकावरून घेतले जातात, परंतु कागद पूर्वींचेच: पासपोर्ट, पैशाचा पुरावा, आपल्या पासपोर्ट कचेरीकडून मिळणारा पोलिसांच्या चौकशीचा दाखला, विम्याचा कागद आणि डॉक्टरांचें प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रांत पांच गोष्टी नसल्याचें लिहून द्यावें लागतें: कुष्ठ, क्षय, हत्तीरोग, मादक द्रव्यांचें व्यसन आणि उपदंशाची तिसरी अवस्था. मधुमेह आणि रक्तदाब यांचा त्यांत उल्लेख नाहीं, हें ऐकून पुष्कळ श्रोत्यांना हायसें वाटेल. पण त्या दोघांचा समाचार पुढें विमा कंपनी घेते. दुसरी वाट अशी कीं, ९० दिवसांच्या 'ओ' व्हिसावर थायलंडांत उतरावयाचें, तेथील बँकेंत खातें उघडावयाचें, आणि मुदत संपण्यापूर्वीं इमिग्रेशनच्या कचेरींत जाऊन वर्षाची वाढ मागावयाची. वाढीची फी १,९०० बाट आहे. दहा वर्षांपर्यंत चालणारा 'ओ-एक्स' नांवाचाहि एक व्हिसा आहे, पण तो ज्या १४ देशांच्या नागरिकांना मिळतो त्यांत भारताचें नांव नाहीं.

आतां पैसा. मुदत वाढवून घेण्यासाठीं थाई बँकेंत ८ लक्ष बाटांची ठेव दाखवावी, अथवा दरमहा ६५,००० बाटांचें उत्पन्न दाखवावें, अथवा ठेव आणि वर्षाचें उत्पन्न मिळून ८ लक्षांचा आंकडा भरावा, अशी अट आहे. आपल्या सातव्या वेतन आयोगानें केंद्र सरकारच्या सेवकांचें मूळ निवृत्तिवेतन दरमहा ९,००० ते १,२५,००० रुपये ठरविलें. ६५,००० बाट म्हणजे २०२५ च्या दरानें दीड लाखाहून अधिक रुपये होतात. म्हणजे महागाईची भर बाजूला ठेवली, तर दिल्लींतील वरिष्ठांत वरिष्ठ सचिवाचें निवृत्तिवेतनहि या अटीला पुरें पडत नाहीं. साहजिकच बहुतेकांना ठेवीची वाट धरावी लागते. ही ठेव अर्जापूर्वीं २ महिने खात्यांत मुरलेली असावी लागते. २०१९ पासून त्यांत आणखी भर पडली: शिक्का मिळाल्यावरहि ३ महिने तिला हात लावावयाचा नाहीं, आणि त्यानंतर वर्षभर ती ४ लक्षांच्या खालीं जातां कामा नये. हिशेब मांडला तर अर्धी रक्कम कायमची अडकली, आणि उरलेली अर्धी दरवर्षीं पांच महिने. पैसा स्वतःच्या नांवावर असतो, व्याजहि मिळतें. पण शस्त्रक्रियेच्या घटकेला तो मोडला तर पुढच्या वर्षाचा शिक्का हातचा जातो.

शिवाय अट बाटांत आहे आणि मिळकत रुपयांत. २०१४ च्या सुमारास एका बाटाला दोन रुपयांहून कमी पडत. २०२५ सालीं अडीच रुपयांहून अधिक पडूं लागले. त्या वेळीं सुमारें १५ लाख रुपयांत भागणारी ठेव आतां २० लाखांच्या वर गेली. थाई नियमांतील आंकडा बदलला नाहीं, तरी पुण्याच्या माणसाला तीच अट दहाबारा वर्षांत पांच लाखांनीं जड झाली. याच संदर्भांत एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. हिंदुस्थानांतील सनदी नोकरी संपवून मायदेशीं परतणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला वर्षाला १,००० पौंड निवृत्तिवेतन मिळे, आणि तें पौंडांतच ठरलेलें असे. १८७० च्या सुमारास जवळजवळ २ शिलिंगांचा असलेला रुपया घसरत घसरत १८९४-९५ सालीं १ शिलिंग १ पेन्सावर आला, तरी त्या गृहस्थांच्या मिळकतींत पेनीचाहि फरक पडला नाहीं. हुंडणावळीची तूट हिंदुस्थानच्या तिजोरीनें, म्हणजे येथील रयतेनें, भरून काढली. आज परदेशीं रहावयास निघालेल्या निवृत्ताच्या पाठीशीं अशी कोणतीहि रयत उभी नाहीं. हुंडणावळीचा सगळा भार त्याचा त्यालाच वहावा लागतो, आणि तोहि पगार वाढण्याचे दिवस संपल्यावर.

पैसा बाहेर नेण्याला आपल्या बाजूनें अडथळा थोडा आहे. रिझर्व्ह बँकेची यासंबंधींची योजना २००४ सालीं वर्षाला २५,००० डॉलरांच्या मर्यादेनें सुरू झाली. ती मर्यादा पुढें वाढत २,५०,००० डॉलरांवर गेली. परंतु एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणें अशा कारणासाठीं एका आर्थिक वर्षांत १० लाख रुपयांच्या वर जी रक्कम पाठविली जाते, तिच्यावर बँक २० टक्के कर आगाऊ वसूल करते. प्राप्तिकराच्या हिशेबांत तो वळता होतो, पण तोंवर दोन लाखांहून अधिक रुपये वेगळे काढून ठेवावे लागतात. ठेवीचा अर्धा भाग मार्चांत आणि अर्धा एप्रिलांत पाठविला तर हा भार बहुतेक टळतो. दोन महिने मुरण्याची अट त्या बेतानें अगोदर जमवून घ्यावी लागते. माणूस अनिवासी ठरला कीं त्याचें येथील बँकखातेंहि अनिवासी खात्यांत बदलून घ्यावें लागतें, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेंत नवें खातें उघडण्याचा मार्ग बंद होतो. नोव्हेंबरांतील हयातीच्या दाखल्यापासून मात्र सुटका नाहीं. २०१४ पासून तो संगणकाद्वारें देण्याची सोय झाली एवढेंच. तिकडे वर्षांत १८० दिवस राहिलेला माणूस थायलंडचा करदाता समजला जातो, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेर मिळविलेलें उत्पन्न त्यानें तेथें आणलें कीं तें करपात्र ठरूं शकतें. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्याचा उपयोग होतो तो कागद जपून ठेवणाऱ्याला.

शिक्का मिळाल्यावर वर्षाचें पंचांग सुरू होतें. दर ९० दिवसांनीं आपला पत्ता सरकारास कळवावा लागतो. परदेशी माणूस घरांत रहावयास आला कीं घरमालकानें तशी वर्दी द्यावयाची असते. ती त्यानें दिली नसली तर भाडेकऱ्याचें काम पुढें अडून बसतें. देशाबाहेर जावयाचें असेल तर परत येण्याचा परवाना आधीं घ्यावा लागतो: एका खेपेसाठीं १,००० बाट, वर्षभर कितीहि खेपांसाठीं ३,८०० बाट. भावाच्या आजारपणाची वार्ता ऐकून तांतडीनें पुण्यास निघालेला माणूस हा कागद घेण्यास विसरला, तर थायलंडची सीमा ओलांडतांच त्याची उरलेली मुदत रद्द होते. काम तर करतांच येत नाहीं. पगार न घेतां शाळेंत इंग्रजी शिकविणें ही सेवा आपल्याला सत्कार्य वाटेल. तेथील कायदा तिलाहि काम समजतो आणि त्याचा निराळा परवाना मागतो.

पन्नासाठीच्या वयांत या गोष्टींचें ओझें वाटत नाहीं. सकाळीं कचेरींत रांगेंत उभें रहावें, दुपारीं मोकळें व्हावें. परंतु निवृत्तांचा व्हिसा म्हणजे वय वाढत जाणाऱ्यांनाच लागू असलेला नियम आहे, ही गोष्ट अर्जाच्या उत्साहांत नजरेआड होते. पंचाहत्तरीच्या पुढें गुडघे आणि स्मरण दोन्ही साथ देईनाशीं होतात, आणि तारखा पाळण्याचें काम तर स्मरणावरच चालतें. मुदत टळल्यास दिवसाला ५०० बाट, अधिकांत अधिक २०,००० बाट दंड पडतो. खरी हानि दंडाची नाहीं. मुदत तुटली कीं पहिल्यापासून अर्ज करावा लागतो, आणि तो करण्याचें बळ त्या वयांत नसतें.

विम्याचेंहि असेंच. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून 'ओ-ए' व्हिसासाठीं आरोग्यविमा सक्तीचा झाला. विम्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो, जुनाट विकार बहुधा वगळले जातात, आणि सत्तरी उलटल्यावर नवा विमा देण्यास पुष्कळ कंपन्या राजी नसतात. दुसऱ्या वाटेनें गेलेल्यांना ही सक्ती नाहीं, म्हणून कित्येक जण मुद्दाम तीच धरतात. मग हृदयविकाराचा झटका येतो तेव्हां खासगी इस्पितळाचें बिल खिशांतून भरावें लागतें, आणि खिशांत काय असतें तर ती ८ लक्षांची ठेव. भारतांतील नेहमींचा आरोग्यविमा बहुतेक भारतांतल्या इस्पितळांपुरताच चालतो. आयुष्मान योजनेखालीं २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना मिळूं लागलेली ५ लाख रुपयांपर्यंतची सवलतहि स्वदेशींच उपयोगी. तेव्हां सगळ्यांत जास्त औषधपाणी लागण्याच्या वयांत माणूस आपल्या हक्काच्या सोयी मागें ठेवून निघतो, याचा विचार कुटुंबानें मिळून करण्यासारखा आहे.

त्याहून नाजूक गोष्ट पत्नीची. पुष्कळ जोडप्यांत पैसा, खातें आणि अर्ज पतीच्या नांवावर असतो, आणि पत्नीला त्याची आश्रित म्हणून मुदत मिळते. खर्च वाचतो, ८ लक्षांची दुसरी ठेव लागत नाहीं, म्हणून ही सोय गोड वाटते. पति निवर्तला कीं त्या मुदतीचा आधारच नाहींसा होतो. थाई बँकेला मृत्यूची वार्ता कळतांच खातें गोठविलें जातें, आणि न्यायालयानें मिळकतीचा व्यवस्थापक नेमीपर्यंत त्यांतला पैसा निघत नाहीं. ज्या आठवड्यांत अंत्यविधि, वकिलातींतील कागद आणि मुलांचे फोन यांची गर्दी असते, त्याच आठवड्यांत त्या बाईपुढें राहण्याचा हक्क आणि हातांतला पैसा हे दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. पत्नीचें वय ५० झालेलें असेल तर तिचा अर्ज स्वतंत्र असावा, तिच्या नांवें निराळी ठेव असावी, आणि थायलंडांतील मिळकतीपुरतें निराळें मृत्युपत्र तेथील वकिलाकडून करून ठेवावें. दुसरी ठेव झेपत नसेल, तर निदान सहा महिन्यांचा खर्च तिच्या एकटीच्या खात्यांत असावा. हा खर्च टाळावयाचा असें जें जोडपें म्हणतें, त्यानें परदेशीं बिऱ्हाड न केलेलेंच बरें.

घर विकत घेण्याविषयीं थोडक्यांत: परदेशी माणसाला तेथें सामान्यतः जमीन घेतां येत नाहीं. इमारतींतील गाळा घेतां येतो, पण कोणत्याहि इमारतींत परदेशी मालकांचा वांटा एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांहून अधिक होऊं शकत नाहीं, आणि गाळ्याची किंमत बाहेरून परकीय चलनांत आणलेली असावी लागते. गाळ्याची मालकी मिळाली म्हणून राहण्याची मुदत मिळत नाहीं. स्वतःच्या घरांत रहावयासहि दरवर्षीं तोच शिक्का लागतो.

नियम मध्येंच बदलतात, याचा अनुभव मलेशियांत पुष्कळांना आला. तेथील योजना २००२ सालीं याच नांवानें सुरू झाली आणि बरीच लोकप्रिय होती. २०२० सालीं ती थांबविण्यांत आली, आणि २०२१ सालीं पुन्हां उघडतांना दरमहा उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटांवरून एकदम ४०,००० रिंगिटांवर गेली. मुदतठेव १० लक्ष रिंगिटांची झाली. २०२४ सालीं पुन्हां नवी रचना आली: दीड लक्ष, ५ लक्ष आणि १० लक्ष डॉलर अशा ठेवींच्या तीन पायऱ्या, आणि घर विकत घेण्याची सक्ती. तीन वर्षांत दोनदां बदललेल्या अटींच्या भरंवशावर वीस वर्षांचें वार्धक्य आंखणें किती कठीण, हें निराळें सांगावयास नको. पोर्तुगालची गोष्ट वेगळी आहे. तेथें निवृत्तिवेतनावर किंवा ठरीव उत्पन्नावर राहणाऱ्यास 'डी-७' व्हिसा मिळतो, आणि पांच वर्षांच्या कायदेशीर रहिवासानंतर कायम वास्तव्याचा अर्ज करतां येतो. स्पेनमध्येंहि पांच वर्षांनंतर दीर्घ रहिवासाचा हक्क मिळतो. तेथें काढलेलें वर्ष हिशेबांत धरलें जातें. थंडी, भाषा आणि स्वदेशापासूनचें अंतर हीं मात्र थायलंडहून पुष्कळ अधिक.

थायलंडच ठरलें, तर कामांचा क्रम उलटा ठेवणें शहाणपणाचें. बहुतेक जण अर्जापासून आरंभ करतात आणि विम्याची चौकशी शेवटीं करतात. आधीं विमा कंपनीकडून ७० आणि ७५ वर्षांच्या वयाला लागणारे हप्ते लेखी मागवावे. मग बाट आणखी महाग झाला तर महिन्याचा खर्च कितीवर जाईल, हें कागदावर मांडून पहावें. त्यानंतर एखादा पावसाळा, तोहि सहलीच्या मोसमांत नव्हे, भाड्याच्या घरांत काढावा. बाजारहाट, दवाखाना आणि इमिग्रेशनची रांग तिन्ही पाहून घ्यावीं. पुण्याची जागा या काळांत भाड्यानें द्यावी, विकूं नये. तिचा करारहि अकरा महिन्यांचाच असावा, म्हणजे एखाद्या वर्षीं तिकडचा शिक्का मिळाला नाहीं, तरी इकडचें कुलूप उघडतां येईल.